खाऱ्या पाण्यातली पायडलं

सोमवार, १३ मार्च

आज सकाळी बायको, तान्ने, उठायच्या आत मी मागच्या खोपटात जाऊन तिच्या सायकलची दोन्ही पायडलं काढून ठेवली. लोखंडी पाना थंडीने तळहाताला चावत होता. उजवं लगेच सुटलं. डाव्याचे आटे उलटे असतात हे लहानपणापासून ठाऊक आहे, तरी हात आधी सवयीच्या बाजूला गेलाच. मग दोन्ही जुन्या टॉवेलात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली, हात धुतले आणि कॉफी टाकली.

हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच वाटेल की मी घाई केली. घाई नव्हती. ऑक्टोबरात पावसात, समुद्रबांधावरच्या मेंढ्यांच्या फाटकापाशी, ओल्या पायडलावरून तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. त्यात आता पट्टी आणि स्क्रू आहेत. सगळा हिवाळा ती आधी खुर्चीत, मग काठीवर, मग माझ्या हातावर होती. गेल्या आठवड्यात तिचा व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, आता सायकल चालवायला काही हरकत नाही. मुलगी पंचविशीची असेल. तिला हरकत नसणारच.

शनिवारी तान्ने सायकल काढून बांधाच्या रस्त्याला लागली. मी व्हॅन काढली आणि तिच्यामागून निघालो, माणूस चालेल इतक्या वेगाने, धोक्याचे दिवे लावून. माझ्यामागे दोन ट्रॅक्टर तुंबले. चर्चच्या वळणावर ती उतरली, मागे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "या पायडलांवर पाय बसत नाही बघ. पुरे आज." सायकल व्हॅनमध्ये टाकून आम्ही परत आलो. घरी येऊन बघतो तर खरंच रबर झिजून साबणाच्या वडीसारखं झालेलं. तिचं बरोबर होतं.

न्याहारीला ती म्हणाली, "माझ्या सायकलचे पाय कुणी नेले?" मी सांगितलं, चांगली जोडी बघतो, ओल्यात घसरणार नाही, खाऱ्या वाऱ्यात गंजणार नाही आणि घरच्या घरी दुरुस्त होईल अशी. ती पावाला लोणी लावत राहिली. मग म्हणाली, "बघ. पण लवकर बघ."

गुरुवारी दुपारी पलीकडच्या आउडेवाल गावात तिचं गाणं असतं. बायका जमून स्तोत्रं बसवतात. बांधावरून तासाभराची वाट आहे. इतकी वर्षं ती एकटी सायकलने जायची. आता मी नेतो.

गुरुवार, १६ मार्च

व्हॅनने नेलं. वारा असा होता की बांधावरच्या मेंढ्यासुद्धा पाठ करून उभ्या होत्या. मी म्हटलं, बरं आहे ना असं, ऊब आहे, बोलत बोलत जाता येतं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "हो. तू असतोस सोबत."

बरं वाटलं ऐकून. पूर्वी या वाटेवर तिच्याशी बोलायला कुणीच नसायचं. तिला कंटाळा कसा यायचा नाही, नवल आहे.

मंगळवार, २१ मार्च

इझाककडे गेलो. त्याचं सायकलचं दुकान चर्चच्या मागे आहे. गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याने दोन जोड्या पुढ्यात ठेवल्या आणि तिसरी मागवतो म्हणाला.

पहिली जुन्या पद्धतीची, रबरी ठोकळ्यांची. दुसरी रुंद, अॅल्युमिनियमची, वर टोकदार दाते. वाळूच्या टेकड्यांत सायकली उडवणारी पोरं लावतात तसली. इझाक म्हणाला, ही पायाला पकडली की सोडत नाही आणि नडगीला लागली तर साल ठेवत नाही. आतलं सगळं बंद असतं. चालेल तोवर चालेल, मग फेकून द्यायचं. तिसरी, जी यायची आहे, तीही रुंद पण टणक प्लास्टिकची. वर बोथट पोलादी स्क्रू, झिजले तर एकेक बदलता येतात. टोकाचं टोपण काढलं की आत घट्ट धरणारा चेक नट, शंकूच्या आकाराचा कोन, छर्रे, सगळं साध्या पान्याने उघडणारं. वर्षातून एकदा धुवायचं, ग्रीस भरायचं.

"म्हणजे तिसरीच घे," तो म्हणाला. "झालं."

मी म्हटलं, तिन्ही दे, पारखून बघतो.

इझाकने फडक्याला हात पुसले. "रिनुस, बायको निवडायला तुला एक रविवार पुरला होता रे."

मी म्हटलं, तेव्हा मला जबाबदारी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं.

तान्नेचं काय म्हणणं आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तिला पायडलातलं काय कळतंय. त्यावर तो हसला, का ते कळलं नाही.

रविवार, २६ मार्च

तिसरी जोडी काल संध्याकाळी आली. आज प्रभूचा दिवस, हत्याराला हात लावायचा नाही. सकाळच्या उपासनेत पाळकांनी खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाच्या दाखल्यावर प्रवचन केलं. अर्ध्या प्रवचनापर्यंत मन तिथे होतं; तान्नेने नेहमीप्रमाणे पेपरमिंट पुढे केलं तेव्हा लक्षात आलं की मी खडकावर बोथट स्क्रू किती खोल बसतील याचा विचार करतोय. देवाची क्षमा मागितली.

दुपारच्या उपासनेनंतर खोका समोर होता. बघणं म्हणजे काम नव्हे, म्हणून उघडला. मग तिसऱ्या जोडीतलं एक कानाशी धरून बोटाने एकदाच फिरवलं. छान, जड, ओलसर आवाज. हे काम धरायचं की नाही, ठरवता येईना.

तान्ने पुस्तकावरून बघत होती. म्हणाली, "मेंढरू खड्ड्यात पडलं तर प्रभूच्या दिवशीही वर काढतात म्हणे."

मी म्हटलं, पायडल काही खड्ड्यात पडलेलं नाही.

"मी पायडलाबद्दल बोलत नव्हते."

मग कशाबद्दल, ते विचारायचं राहिलं. कॉफीची वेळ झाली होती.

बुधवार, २९ मार्च

मी पंपघरावर काम करतो. आमची जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे, चरांचं पाणी उपसून बांधापलीकडे टाकावं लागतं. तिथे मी एकच गोष्ट शिकलो: यंत्र पहिल्या दिवशी कसं चालतं त्यावर जाऊ नये, मिठात कसं टिकतं ते बघावं. इथला वारा दाराच्या बिजागऱ्या खातो, सायकल काय चीज आहे.

म्हणून आज तिन्ही जोड्यांतलं उजवं पायडल तारेत ओवून पाणदरवाजाच्या बाहेरच्या खांबाला बांधलं. भरतीला बुडतील, ओहोटीला उघडी पडतील. महिना-सव्वा महिना तरी ठेवायला हवीत. तान्नेला सांगितलं. ती विणकाम करत होती. सुईवरची ओळ संपवून म्हणाली, "माझ्या घोट्यातले स्क्रूसुद्धा कुणी इतके दिवस पाण्यात नव्हते ठेवले."

विनोद करते म्हणजे मन थाऱ्यावर आहे.

गुरुवार, १३ एप्रिल

तान्ने आता आउडेवालला लवकर जाते. गाण्याआधी दोन तास बहिणीकडे, कोबाकडे बसते. तिला तिथे सोडायचं आणि गाणं संपलं की घ्यायचं, असं ठरलंय. बहिणींनी गप्पा माराव्यात, चांगलंच आहे. कोबा मात्र तिखट. आज दारातच म्हणाली, "भावोजी, तुम्ही जा आता. मांजर गेल्याशिवाय उंदीर खेळत नाहीत."

तिच्या अंगणात तिच्या मुलीची सायकल भिंतीला टेकून होती. मुलगी शिकायला उट्रेख्टला असते, सायकल इथेच. चाकांना ताजा चिखल होता. कोबाला म्हटलं, जरा झाकून ठेवा, चेन गंजेल. ती म्हणाली, "नाही गंजणार, भावोजी. तिची काळजी करू नका."

शनिवार, २२ एप्रिल

तान्नेची तब्येत सुधारते आहे, देवाची कृपा. गालांवर रंग आला, जेवण वाढलं. आज बोलुसचे, त्या दालचिनीच्या चिकट गोड पावाचे, दोन तुकडे खाऊन तिसऱ्याकडे बघत होती. मी तिला रोज सकाळी माशाचं तेल देतो, त्याचा गुण.

संध्याकाळी बूट पॉलिश करायला घेतले तर तिच्या रोजच्या जोड्याच्या तळव्यांना बारीक खड्डे पडलेले दिसले, रांगेत, टोकदार काहीतरी रुतावं तसे. कोबाच्या अंगणात शिंपल्यांचा चुरा टाकलाय, त्यावर चालून पडले असणार. कोबाला सांगायला हवं, चांगल्या चामड्याचं नुकसान होतं.

नडगीवर एक ओरखडाही आहे. विचारलं तर म्हणाली, कोबाचं टेबल.

मंगळवार, २५ एप्रिल

चर्चच्या मंडळीतल्या वडीलजनांची वार्षिक भेट. दोघे जण येतात, घरच्यांच्या आत्म्याची विचारपूस करतात. यंदा योबकाका आणि दुसरे ते, जे कधीच बोलत नाहीत. योबकाकांच्याच मेंढ्या बांधावर चरतात. लाकडी जोडे दाराबाहेर काढून, लोकरीच्या मोज्यांनी ते आत आले.

कॉफी झाली. योबकाकांनी घसा साफ करून विचारलं, "या घरात शांती आहे का?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तान्ने म्हणाली, "शांती भरपूर आहे, योबकाका. पायडलं नाहीत."

मग सगळं सांगावं लागलं. योबकाकांनी मन लावून ऐकलं. त्यांचं मत, रबरासारखं काही नाही. दात्यांची पायडलं लाकडी जोडे खातात, त्यांच्या पुतण्याने लावली तर वर्षभरात जोड्याला आरपार भोक पडलं. मी म्हटलं, पण रबर ओल्यात घसरतं. ते म्हणाले, ओल्यात जरा हळू जावं. मी म्हटलं, ती हळूच जात होती. ते म्हणाले, "हो, चालवते मात्र ती बेताने, परवाच मी तिसऱ्या फाटकापाशी—"

"योबकाका, बोलुस घ्या ना," तान्ने म्हणाली आणि ताटली त्यांच्या हातातच दिली. "तुम्ही घेतलाच नाही."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, बोलुस घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. ऑक्टोबरातल्या पडण्याविषयी बोलणार होते बहुधा. तिला तो विषय अजून सोसत नाही.

जाताना प्रार्थना त्या दुसऱ्या वडीलजनांनी केली. सगळी भेट गप्प बसलेल्या माणसाने फार सुंदर शब्द मागितले: आमच्या बहिणीच्या पावलांना आणि आमच्या बंधूच्या मनाला स्थैर्य दे. पावलांचं समजलं. माझ्या मनाचा उल्लेख कशासाठी, यावर विचार करतो आहे.

शनिवार, ६ मे

आज पायडलं पाण्यातून काढली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक बघितलं. इतकं सुख फार दिवसांत लागलं नव्हतं. बाहेर ऊन, तान्ने समोर बसून वाटाणे सोलत होती, आणि माझ्यापुढे तीन छोटी यंत्रं.

रबरी पायडलाचा आस लाल झाला होता, फिरवलं की दळण दळल्यासारखा आवाज. ते बाजूला ठेवलं. दात्यांचं, बंद असलेलं, वरून चकचकीत. फिरवलं तर किंचित खरखर. उघडायला गेलो तर उघडायला जागाच नाही. तिसऱ्यालाही खरखर होती. पण टोपण काढलं, चेक नट सोडवला, कोन फिरवून घेतला, आणि छर्रे बशीत आले. काही काळवंडलेले. धुतले, पुसले, नवं ग्रीस भरून परत बसवले. कोन जरा आवळला, जरा सैल केला, जिथे आस डुगडुगत नाही आणि अडतही नाही तिथे थांबलो. बोटाने फिरवलं. काहीच आवाज नाही.

मी म्हटलं, बघ, हेच म्हणत होतो. ज्याच्या आत बघता येत नाही त्याच्यावर माणसाने भरवसा कसा ठेवायचा?

तान्नेने शेंग मोडली. "देवावर ठेवतोस ना."

मी ग्रीसच्या डब्याचं झाकण लावलं. म्हटलं, ते वेगळं.

"असेल. पण देवालासुद्धा तू महिनाभर खाऱ्या पाण्यात नाही बांधलास." वाटाणे पातेल्यात पडत राहिले. मग ती म्हणाली की स्क्रू बोथट असलेलीच बरी. टोकदार पकडतात छान, पण पाय खाली टेकवून परत वर घेताना नडगीला लागतात. मी थक्क झालो. हे सगळं केवळ माझं बोलणं ऐकून तिने उचललं.

म्हणजे निवड झाली. तिसरी. आता फक्त ओल्यात पकडते का ते बघायचं राहिलं. त्याला पाऊस हवा.

सोमवार, १५ मे

पाऊस नाही. आकाश धुतलेल्या काचेसारखं. शेतकरी कुरकुर करताहेत, माझीही प्रार्थना त्यांच्यात मिसळली आहे. तान्ने म्हणाली, बादलीभर पाणी ओत. मी समजावलं की बादलीचं पाणी आणि पाऊस यांत फरक आहे. पावसात मेंढ्यांच्या लेंड्या भिजतात, बांधाचा रस्ता तेलकट होतो. "म्हणजे आता पावसाचीही वाट बघायची," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. चिमटे जरा जोरात लावत होती.

तिसऱ्या फाटकापाशी कोकरं फार झालीत म्हणाली. तिला कसं कळलं विचारलं तर म्हणे कोबाने सांगितलं. कोबा तर बांधावर कधी चढत नाही, गुडघे दुखतात म्हणते. बरी झाली असेल.

मंगळवार, २३ मे

पहाटेपासून पाऊस, हवा होता तसाच बारीक, चिकट. डाव्या हाताने लिहितो आहे म्हणून अक्षर असं.

कामावरून परतल्यावर तान्नेच्या सायकलला नवी पायडलं लावली. आट्यांना आधी ग्रीस, म्हणजे पुढे सहज निघतील. परीक्षा कडक हवी म्हणून मुद्दाम रविवारचे गुळगुळीत तळव्यांचे बूट घातले. तान्ने दारात उभी होती. म्हणाली, "त्यापेक्षा मीच जाते ना." मी म्हटलं, आधी मी.

बांधावर चढलो. पाय घसरतो का, हेच बघायचं होतं, म्हणून पायांकडेच बघत होतो. पायडलं काय सांगू! पाय नुसता ठेवावा आणि जमिनीवर ठेवल्यासारखा बसावा. जोर दिला, सोडला, टाच खाली, टाच वर, मुद्दाम तिरका ठेवला. जागचा हलला नाही. पहिलं फाटक उघडं होतं. दुसरंही. आनंदाने मी उजव्या पायाकडे बघतच राहिलो आणि तिसऱ्या फाटकाच्या खांबावर जाऊन आदळलो.

कुठे कोण पडलं ते क्षणभर कळेना. मग तोंडाला खाजकुइल्या चावल्या तेव्हा कळलं. कोपर सोललं, ओठ फुटला, मनगट सुजलं. एक मेंढी चघळायचं थांबून बघत होती. मी तसाच उताणा पडून राहिलो, पाऊस तोंडावर घेत. मनात आलं, हीच ती जागा. इथेच तान्ने पडली होती, आणि सगळा हिवाळा ही जागा माझ्या मनात विहिरीएवढी खोल झाली होती. आहे काय, तर एक फाटक, चार खाजकुइल्या आणि थोड्या लेंड्या. मी उठलो. सायकल सरळ केली. बसलो आणि घरी आलो.

तान्नेने जखमा धुतल्या. ती हसू दाबत होती आणि ते तिला जमत नव्हतं. "पायडलं कशी आहेत?" तिने विचारलं.

उत्तम, मी म्हटलं.

मग ती हसायची थांबली. माझा हात तसाच धरून म्हणाली, "रिनुस, मला पडायची भीती नाही. पडून झालंय माझं. मागून तुझी व्हॅन येत असेल, त्याची भीती वाटते."

मी म्हटलं, मी काळजीपोटी करतो.

"माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस बोलले नाही." तिने पट्टी बांधली, गाठ मारली. "त्या वाटेवर मी गाण्याची तयारी करते. मोठ्यांदा. चुकीचे सूर लावते, परत लावते. मेंढ्या ऐकतात. तेवढा एक तास आठवड्यात मी कुणाचीच नसते. तुझ्यावर रागावून नाही म्हणत. तो तास मला परत हवाय."

 नंतर तिने सूप वाढलं, आणि मी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, पण मन शब्दांच्या मागे रेंगाळत होतं.

शुक्रवार, २६ मे

पंपघरावर आज दिवसभर शांत होतं. मी पाण्याचा रखवालदार आहे. पाणी कुठे जातंय हे मला दर तासाला ठाऊक असावं लागतं, नाहीतर माणसं बुडतात. घरीही तीच सवय लागली असेल. पण तान्ने काही पाणी नाही.

तिने म्हटलं, कुणाचीच नसते. आधी ते टोचलं. मग आठवलं की मीसुद्धा पहाटे पंप सुरू व्हायच्या आधी खांबाला टेकून बसतो, तिथे देवाशिवाय कुणी नसतं, आणि त्या वेळी घरून फोन आला तर मला आवडत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, आणि तिने कधी त्या वेळी फोन केलेला नाही. वीस-बावीस वर्षांत एकदाही नाही. हे तिला कसं कळलं असेल?

पायडलं माझ्या पडण्याने जरासुद्धा वाकलेली नाहीत. एका स्क्रूचं डोकं चपटं झालं होतं, ते बदललं. तेवढंच.

रविवार, २८ मे

पेंटेकॉस्टचा सण. ओठाची खपली बघून सगळ्यांनी विचारलं. चर्चच्या दारात इझाक म्हणाला, "ऐकलं की तू पायडलांची परीक्षा घेतलीस आणि फाटकाने तुझी." योबकाका म्हणाले, फाटकाला काही झालं नाही ना. सगळे हसले, तान्ने सर्वांत जास्त. मी पण हसलो. वाईट वाटलं नाही.

दुपारी हत्याराला हात लावायचा नव्हता म्हणून नुसता खोपटात जाऊन सायकलपाशी उभा राहिलो आणि गुरुवारी काय करायचं ते ठरवलं. देवालाही सांगून ठेवलं, म्हणजे बदलता येणार नाही.

गुरुवार, १ जून

सकाळीच पायडलं परत एकदा आवळली. उजवं उजव्या बाजूला, डावं उलट, या वेळी हात पहिल्यांदाच बरोबर गेला. दोन्ही बोटाने फिरवून बघितली. तान्नेची गाण्याची पिशवी मागच्या टोपलीत ठेवली, वर रेनकोट.

जेवण झाल्यावर ती बाहेर आली. सायकल दाराशी उभी बघून तिने आधी सायकलकडे, मग व्हॅनकडे, मग माझ्याकडे बघितलं.  कोटाची बटणं लावत राहिली.

मी म्हटलं, वारा पश्चिमेचा आहे, जाताना पाठीवर येईल.

"तू?"

मी म्हटलं, मी बटाटे सोलतो. आणि व्हॅनची किल्ली तिच्या हातात ठेवली.

तिने किल्लीकडे बघितलं. "ही कशाला? मी सायकलने चालले आहे."

मी म्हटलं, म्हणूनच. घेऊन जा. घरात राहिली तर बटाटे अर्धे होतील आणि मी निघेन, मला माझी खात्री नाही.

तिने किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं आणि माझ्या फुटलेल्या ओठाच्या जरा बाजूला मुका घेतला, भर रस्त्यावर, समोरची शेजारीण खिडकी पुसत असताना. मग सायकलवर बसली आणि निघाली. आठ महिन्यांनी पहिल्यांदाच एकटी, तरी एकदाही डगमगली नाही. वळणावर हातही सोडला. बांधाचा चढ तिने सीटवरून न उठता काढला. पायडलं नीट निवडली की किती फरक पडतो! इझाकला सांगायला हवं.

ती बांधापलीकडे गेली. वाऱ्याने एकदा काहीतरी सूर आल्यासारखं वाटलं, पण वारा इकडून तिकडे जाणारा होता, तेव्हा नसावा.

मी सवयीने खिसा चाचपला. रिकामा होता. आत गेलो आणि बटाटे सोलायला बसलो.